निबर

पाकिटावर हिरवं कुरण, लाकडी कुंपण
आणि एक कोंबडी, भलतीच समाधानी,
नुकतीच पेन्शन सुरू झाल्यासारखी.
मोकळ्या रानात वाढलेली, सेंद्रिय दाण्यावर पोसलेली.
साडेसतरा पौंड.
अण्णांना भाव सांगितला असता
तर फोन धरूनच खाली बसले असते.

कुकरची दुसरी शिट्टी होते न होते
तोवर मांस हाडं सोडून मोकळं.
रस्सा लाल, झणझणीत, कांदा-लसूण मसाला थेट गडहिंग्लजचा,
आणि त्यात ती, ओल्या कापसासारखी,
चुकून भलत्याच लग्नाला आलेली.

यशोधन म्हणाला, मसाला छान झालाय.
कोंबडीच्या ताटावर मसाल्याची शाबासकी
म्हणजे काय, ते मला कळतं.

मग शोधायला लागले.
वूस्टरचा खाटीक म्हणाला, ही पूर्ण शंभर दिवसांची,
जणू तिचं बारसं जेवून आला होता.
शनिवारच्या बाजारात एका दाढीवाल्या पोरानं
गवत, माती आणि कोंबडीचं मन समजावलं;
चाखायला मात्र चीज दिलं.
स्पार्कब्रुकला इल्यासभाईंनी आतून काढून आणली, "हार्ड वाली."
निबर होती खरी, पण पिंजऱ्यात म्हातारी झालेली.
राग शिजत नाही,
नुसता वातड होतो.

मला काय हवंय ते इंग्रजीत सांगता येईना.
नुसती चव नव्हे, चावायला लागणारा वेळ.
रविवारी अण्णा एसटीच्या डेपोतून यायचे,
हाताचं ग्रीस रॉकेलनं धुवायचे
आणि तंगडी पुढ्यात घेऊन
अर्धा तास कुणाशी बोलायचे नाहीत.
तो अर्धा तास कुठल्या दुकानात मिळतो?

लेम्स्टरच्या पुढे
(लिहायचं लांबलचक, म्हणायचं आखूड, या देशाची खोडच आहे)
सफरचंदाच्या बागेत मिसेस प्रोबर्ट भेटल्या.
गमबूट, गळकं नाक, हातात बादली.
कोवळ्या संपल्या म्हणाल्या.
"म्हाताऱ्या आहेत चार, अंडी बंद झालेल्या.
त्या नको नेऊ पोरी, फार चिवट.
कुणी घेत नाही, मी कुत्र्यांसाठी उकडते."

मी विचारलं, किती चिवट?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.
चार पौंड. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

पाच शिट्ट्या. सात.
यशोधन दोनदा डोकावून गेला.
मंद आचेवर आणखी पाऊण तास.
झाकण उघडलं तर वर पिवळा तवंग,
हळदीचा नव्हे, तिचा स्वतःचा.
जेवताना कुणी बोललं नाही.
मसाल्याबद्दल अवाक्षर नाही.
पोरानं हाड चोखून ताटाच्या कडेला नीट उभं करून ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी डबा घेऊन गेले.
मिसेस प्रोबर्टनी गोठ्याच्या दारातच, उभ्या उभ्या,
रश्श्यात बोट बुडवून चाटलं.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
पुन्हा बोट बुडवलं.
म्हणाल्या, ही ब्रेंडा.
सहा वर्षं रोज कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या वाटाण्यात जायची,
रोज शिव्या खायची,
संध्याकाळी आपल्या पायांनी परत यायची.

पाकिटावर सगळं असतं,
दाणा, एकर, प्रमाणपत्राचा नंबर.
हे नसतं.

पोराला सांगितलं नाही.
यशोधनला सांगितलं, तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
उरलेल्या तिघींची नावं तेवढी विचारू नकोस.

मी विचारून आले होते.