आखूड दांडा

गोमाशीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.
दोन खुज्या भावांनी मुंडक्याची पैज लावली,
एक भट्टीपाशी, एक भात्यापाशी,
आणि तो खोडसाळ देव गोमाशी होऊन
भाता ओढणाऱ्याच्या पापणीला डसला.
रक्त डोळ्यात उतरलं.
त्याने हात उचलला, पुसण्यापुरता.
तेवढ्यात गडगडाटाच्या देवाचं हत्यार, म्योल्निर,
दांड्यात आखूड राहून गेलं.

इथपर्यंत आलं की लोक हसायचे,
मधाच्या दारूचं शिंग पुढे सरकायचं.
मला हसू येत नसे.
मी भात्यापाशी असे.

लिमफियोर्डच्या काठी आमची भट्टी.
आस्केल ओतायचा, मी वारा घालायची.
ज्या देवाच्या रथाला बोकड जुंपलेले
त्याच्या हातोड्यांसाठी
बोकडाचंच कातडं दिवसभर धापा टाकायचं.

त्या वर्षी राजाने नव्या देवाचं पाणी डोक्यावर घेतलं.
शंखजिऱ्याचा दगड नॉर्वेहून बोटीने यायचा, महाग.
म्हणून आस्केलने एकाच दगडात कोरले
इकडे हातोडा, तिकडे क्रूस.
गिऱ्हाईक आधी मागे वळून बघायचं,
मग बोट दाखवायचं.
कथील दोन्हीकडे सारखंच धावायचं.

एस्बर्न समुद्रावर निघाला होता.
म्हणाला, "दांडा लांब हवा.
देवाची चूक माझ्या गळ्यात नको."

आणि त्या दिवशी मी हात उचलला.
गोमाशी नव्हती. गुन्वोर होती,
नऊ महिन्यांची, रांगत रांगत
थेट निखाऱ्यांपाशी.
तिला काखेत मारून परत येईस्तोवर
कथील निवलं होतं, वाटेतच थिजलं,
दांडा अर्ध्यावर.
आस्केल काही बोलला नाही.
न बोलण्यात तो वाकबगार होता.
एस्बर्नने हातोडा राखेत भिरकावला
आणि रागारागाने क्रूस घेऊन गेला.
बुडाला की पोचला, कधी कळलं नाही.

राखेतला तो मी पुसला,
दोरा ओवून तिच्या गळ्यात घातला.
जवाच्या चार दाण्यांएवढं वजन.
तिने तो उचलला, उलटा धरला,
आणि तोंडात घातला.

दोन हिवाळे तिला पुरले.
तिसऱ्यात जमीन इतकी गोठलेली
की खणण्याआधी वर जाळ करावा लागला.
तो जाळसुद्धा मीच फुंकला.
हातोडा तिच्या गळ्यातच राहू दिला.
आस्केल म्हणाला, "कथील आहे, वितळवून पुन्हा..."
उरलेलं वाक्य त्याने गिळलं.

आता मी मातीखाली, तो काचेखाली.
शाळेची मुलं येतात, काचेला नाक लावतात.
"एवढुसा?"
त्यांच्या सदऱ्यांवर केवढा तरी मोठा छापलेला असतो,
त्यातून विजा निघतात.
सिनेमात म्हणे जो लायक असेल
त्यालाच तो उचलता येतो.
एक मुलगा मुठी आवळून, डोळे मिटून
काचेबाहेरूनच उचलून बघतो.
बाई हाक मारतात. तो जागचा हलत नाही.

जुनी माणसं सांगायची,
कुठेही फेका, ते हत्यार
फेकणाऱ्याच्या हाती परत येतं.
आला खरा. हजार वर्षांनी,
आणि एकटाच.

पाटीवर बारीक अक्षरांत लिहिलंय:
कथील. दांडा सदोष.
टोकाला तीन खळगे, प्रयोजन अज्ञात.
कुणी म्हणतं नक्षी, कुणी म्हणतं एखादी खूण.
चष्मा कपाळावर चढवून एक बाई
भिंगातून किती वेळ बघत असते.

दोन खालचे, बाई. एक वरचा.
वरचा त्याच आठवड्यात फुटला होता.