पटावरून कमी

तीन दिवसांचं प्रशिक्षण. अठरा तास, बढतीला चार गुण,
दुपारी बिटाचं गार सूप आणि उकडलेला बटाटा.
नेमुनास नदीच्या काठी, सुट्टीत ओस पडलेल्या वसतिगृहात
आम्ही एकोणीस जण, सगळे इतिहासाचे,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा बुडाला म्हणून कुरकुरणारे.

विल्नियसहून आलेल्या वाइवाबाईंनी पहिल्या दिवशी
फळ्यावर फक्त काय करायचं नाही ते लिहिलं.
मुलांना डोळे मिटायला सांगू नका.
खोली अंधारी करू नका.
कुणाच्या छातीवर पिवळं कापड लावून त्याला उभं करू नका.
ढीग दाखवू नका; ढिगात कुणाला चेहरा नसतो.
रडवणं सोपं असतं, त्या म्हणाल्या,
आणि रडून झालं की मुलांना वाटतं, धडा संपला.

मी अकरा वर्षं दिवे मालवत आले होते.
वहीत उतरवून घेतलं, हाताचा आडोसा करून.

दुसऱ्या दिवशी टेबलावर लिफाफे:
आपापल्या गावच्या शाळेचा जुना हजेरीपट, झेरॉक्स.
आमच्या वाट्याला एक्केचाळीस साल.
मेमध्ये सातवीत तेहेतीस मुलं.
सप्टेंबरात तीच मुलं आठवीत, एकवीस.
अक्षर तेच, शाई तीच, टाक जरा बोथटलेला.
खाडाखोड नाही. शेरा नाही.
शाळा सोडल्याचा दाखला कुणी मागितलेला नाही.
खाया रुदनिकाइते, हिर्शास ब्लोखास,
जुळे भाऊ मेंडेलिस आणि नोख्युमास,
त्यांच्या ओळी कोऱ्यासुद्धा ठेवलेल्या नाहीत.
खालची नावं वर घेतली आहेत,
बाकावर जागा झाली की आपण सरकतो तशी,
आणि क्रमांक पुन्हा एकपासून, सलग.

गावाबाहेरचं पाइनचं रान आम्हाला पाठ आहे.
तिथला दगड, दरवर्षीची फेरी,
वाऱ्यात विझणाऱ्या मेणबत्त्या.
रानात मारणारे होते. त्यांतली काही आडनावं
अजून गावात आहेत, तेही आम्हाला पाठ आहे
आणि आम्ही ते म्हणून दाखवत नाही.
पण इथे, या कागदावर, एक शिक्षक होता.
बेरीज चुकू न देणारा.

"हा सतरा नंबर," रिमगाउदास म्हणाला, "माझे वडील."
मेमध्ये सतरा. सप्टेंबरात अकरा.
पुढल्या वर्षी निवृत्त होणारा माणूस,
चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरून बसला.
मग बाहेर जाऊन लिंडनखाली दोन सिगारेटी ओढल्या,
परत आला, आणि उभ्या उभ्याच:
"हे शिकवायचं कसं, तेवढं सांगा."
वाइवाबाई म्हणाल्या, मला माहीत नाही.
अठरा तासांत तेवढ्याच एका वाक्याखाली मी रेघ मारली.

ऑक्टोबर. नववी ब. दिवे चालू.
दर बाकावर दोन पानं, शेजारी शेजारी.
मी गप्प राहिले. सवय नाही, जीभ नुसती वळवळत होती.
कुणीतरी पाव कुरतडत होतं.
कुणी आपलं आडनाव सापडतंय का ते बघत होतं.
एरवी झोपा काढणारा स्काल्मांतास, शेवटच्या बाकावरून,
दोन्ही पानांवर एकेक बोट ठेवून:
"बाई, याचा नंबर बदलला.
मग हजेरीला 'अकरा' म्हटल्यावर
हा 'हजर' म्हणाला असेल?"

घंटा झाली. निम्मा वर्ग दप्तरं उचलून गेला.
तो तसाच बसून होता,
बोटं न काढता.