रकाना

हाईमकाका आवासकर सांगायचे,
युद्धाच्या साली इस्रायल आळीत
एक गोरा डॉक्टर येऊन राहिला.
नाव जिभेवर बसेना,
म्हणून रेवदंड्यानं त्याचा गुरुंबावा केला.
तोही ओ द्यायचा.

भर पावसात खाडी ओलांडायचा,
कंदील मांडीत धरून.
कोळणींची बाळंतपणं, मोहल्ल्यातला हिवताप,
माडावरून पडलेल्या भंडाऱ्याचं हाड.
पैशांऐवजी कुणी नारळ द्यायचं, कुणी सोडे.
सोडे तो खात नसे.
नको म्हणतही नसे.

काका त्याचे कंपाउंडर. रजिस्टर तेच लिहीत:
नाव, वय, गाव, जात, दुखणं.
पहिल्याच आठवड्यात डॉक्टरनं पट्टी मागितली,
चौथ्या रकान्यावर ठेवली
आणि ब्लेडनं, पानामागून पान,
तो रकाना वरपासून खालपर्यंत कापून काढला.
मागच्या बाजूची दुखणी त्यात अर्धी गेली.

काकांनी काही विचारलं नाही.
त्यानंच सांगितलं, तोडक्या मराठीत:
आमच्या गल्लीत पोस्टमन होता. भला माणूस.
आईला रोज विचारी, गुडघा कसा आहे.
त्याला कागद आला, कोण कुठल्या घरात ते भरून द्या.
त्यानं दिलं.
अक्षर फार सुंदर त्याचं.

पुढचं तो कधीच बोलला नाही.
पुढचं आम्ही पेपरात वाचलं, काका म्हणत,
सगळे आकडे.
त्यात तो गुडघा कुठे सापडला नाही.

हे मी घाण्याच्या ओट्यावर बसून ऐकलं,
खोबऱ्याची पेंड चघळत.
खरं सांगायचं तर मी पेंडीसाठी जायचो.

आता मी पंचायतीत लिपिक.
शिमग्याच्या आधी दोन पोरं आली, ओळखीची,
एकाच्या बारशाला जेवलोय मी.
म्हणाली, भाऊ, सुक्या मासळीच्या ओळीत
कुणाकुणाच्या जागा आहेत,
तेवढी ‘त्यांची’ नावं काढून द्या. सहजच.

पावतीबुक माझ्याच कपाटात.
पंखा चालू होता, चहा आला होता.
मी अकरा नावं लिहिली.
तिसरं हवाबी उंड्रे,
जवळा मोजून झाला की
वरून एक मूठ टाकणारी.
सातवं यासीन सरखोत,
सातवीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर.
माझंही अक्षर चांगलं आहे.
शाळेत बक्षीस होतं.

काही झालं नाही.
बायकोला तेच सांगितलं, काही झालं नाही.
एक फलक लागला, कुणीतरी उतरवला.
चार बाजार त्या ओळीत माश्या जास्त,
गिऱ्हाईक कमी.
यासीननं जागा सोडली, पण तो म्हणे
तसाही सोडणारच होता.
म्हणे. कोण म्हणे, ते मी विचारलं नाही.

आमच्या खारजमिनीत
बांध राखायला घरटी पाळी असते.
खेकडा बीळ करतो, बोटभर.
एका उधाणात तेवढं पुरतं,
आणि मग तीन वर्षं भात नाही.
अशा वेळी समुद्राला कुणी शिव्या देत नाही.
समुद्र समुद्रासारखाच वागतो.
माणसं कंदील घेऊन बांधावर जमतात
आणि एवढंच विचारतात:
आज पाळी कुणाची होती?

काल बाजारात गेलो.
हवाबीसमोर उभा राहिलो, बोलायचं ठरवून.
घरून वाक्य जुळवून नेलं होतं.
तिनं वर पाहिलं.
किती देऊ?
पाव किलो, मी म्हणालो.

तिनं मोजलं.
काटा बरोबर मधे येऊन थांबला.
तिनं हात पुसले.