बन्यामीन आवळे, पेंटर

निपाणीत पाटी रंगवायची असली
की लोक म्हणतात, त्या डावऱ्याकडं जा.
कानडी वरती, मोठं;
मराठी खाली, मावेल तेवढं.
आणि नाव माझं बन्यामीन.
बेन म्हणजे मुलगा, यामीन म्हणजे उजवा हात.
सांगताना पाळकबाईंनाच हसू आलं.

सात वर्षांनी सुवार्ताची कूस उजवली,
आत्या म्हणायची, आणि पुढचं वाक्य गिळायची.
आई तंबाखूच्या वखारीतून थेट दवाखान्यात गेलेली,
पदरात जर्दा, नखांत जर्दा.
मला म्हणे आधी शिंक आली, मग रडू.

शास्त्रातली ती बाईही अशीच गेली, वाटेत.
जाता जाता पोराला म्हणाली बेनओनी,
माझ्या दुःखाचा मुलगा.
नवऱ्यानं ते नाव टिकू दिलं नाही.
माझा बाप, शांतवन आवळे, हमाल,
नोंदवहीपुढं टोपी काढून म्हणाला, बन्यामीन.
कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं.
दाखल्यावर मी अजून बेण्यामीन.
दोस्त म्हणतात, बेणंच आहेस.

आईनं काय नाव ठेवलं असतं?
नर्स गोकाकची, मराठी न येणारी.
आत्यानं खोदून विचारलं तर म्हणाली,
एनो अंदळु.
काहीतरी म्हणाली.
एवढंच माझ्या वाट्याला, तेही कानडीत.

ओणी म्हणजे कानडीत गल्ली.
मला दूध पाजलं शमशादच्या अम्मानं,
न्हाऊ घातलं गंगव्वानं,
पाठ सडकली ज्यानं त्यानं.
मग बेनओनी म्हणजे गल्लीचा मुलगा, मी म्हटलं.
पाळकबाई म्हणाल्या, हिब्रू असं चालत नाही रे.
नसेल चालत.

यामीन म्हणजे दक्षिणसुद्धा, हेही त्यांनीच सांगितलं.
उगवतीकडं तोंड कर,
उजवा हात पडेल ती दक्षिण.
हायवेच्या कडेला उभा राहून बघितलं:
उजवीकडं संकेश्वर, डावीकडं कागल,
मध्ये रंगाचा डबा.

नाताळाआधी आईच्या दगडावरचं नाव
पुन्हा काढतो. डाव्याच हातानं.
त्याखाली खडूच्या दोन रेघा आखून ठेवतो,
एक शब्द बसेल एवढ्या.
सकाळपर्यंत दवानं पुसतात.