हा बिंदू जमिनीवर आहे

चिचटोल्याहून समुद्र कुठल्याही बाजूनं
एका रात्रीच्या गाडीवर.
मी तो अजून पाहिलेला नाही,
आणि मला ठरवायचंय
तो कुठल्या खिडकीतून पाहावा.

पणजीहून मॅडमचा निरोप : तीन संकेतस्थळं आहेत,
तिन्हींवर एकच काम करून बघ.
बंगालचा उपसागर, ऑक्टोबर महिना,
पाण्याचा खारटपणा, वरून खाली दोनशे मीटर.
विद्यार्थ्यांना कुठलं द्यावं ते कळव.
बुधवारपर्यंत.

नेट फक्त तलावाच्या पाळीवर येतं,
मोहाच्या तिसऱ्या झाडाखाली.
दुसऱ्याखाली नाही.

पहिलं उघडायलाच अकरा मिनिटं.
पृथ्वी गरगर फिरते, तिला सोनेरी किनार,
खाली ढगांची सावलीसुद्धा,
मग आफ्रिकेवर येऊन अडकते.
तेवढ्यात माझे पाव किलो शिंगाडे सोलून होतात.
वहीत लिहिलं : देखणं. चार्जिंग खातं.

दुसरं हलकं. चटकन उघडतं,
खातं काढ म्हणत नाही.
खोलीची पट्टी ओढली की समुद्र एकेक पायरी उतरतो
निळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून हळदीत,
कुठं एक ठिगळ नाही, एक भोक नाही.
मी जवळजवळ त्याचंच नाव लिहिलं होतं.

तिसरं अगदीच कळाहीन.
पांढऱ्या कागदावर राई सांडावी तसे ठिपके.
ठिपक्यावर बोट ठेवलं तर तारीख, यंत्राचा क्रमांक,
खोली, आकडा,
आणि काही आकड्यांपुढं एक खूण : शंका आहे.
दोन ठिपक्यांच्या मध्ये काहीच नाही.

दुधरामकाका डोंगा लावून वर आला.
हातात खाचा पाडलेला बांबू.
सोसायटीला बीज सोडण्याआधी तलावाची खोली हवी,
म्हणून आठ दिवस तो पाण्यात टोचत फिरतोय.
ओल्या हातानं त्यानं माझी हळद दाखवली.
"इतकं पानी कोनं मोजलन व, नोनी?"
जहाजं मोजतात, म्हटलं. तरंगती यंत्रंही असतात.
"इतं बी बुडवलन का?"
बोट उपसागराच्या मधोमध.

मी तिसऱ्यावर जाऊन पाहिलं.
तिथं त्या महिन्यात कुणी गेलंच नव्हतं.
सगळ्या वरच्या अंगाला मिळून ठिपके अकरा.
"मंग रंग कसा समजला?"

दुसऱ्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
लिहिलेलं होतं : अंदाजित.

अंदाज म्हणजे खोटं नव्हे.
काकासुद्धा चिला दिसला की सांगतो इथं बोटरी असणार,
आणि असते.
पण बांबू टेकला नाही तिथं तो खाच मोजत नाही.
अहवालात लिहिलं : दोन्ही द्या,
आधी तिसरं द्या, निदान आठवडाभर.
पांढरं बघायची सवय लागू दे,
मग रंग.
मॅडमनं अंगठा पाठवला. म्हणजे वाचलं असावं.

बुधवारी सकाळी काम उरलं नव्हतं.
काकाच्या मापांची फाईल केली :
तारीख, अक्षांश, रेखांश, खोली हातांत,
शेवटच्या रकान्यात बांबूला काय लागलं ते.
गाळ. गाळ. गाद. खडक.
एकदा कुणाचं तरी पैंजण.
तिसऱ्याला दिली, तेच घेईल असं वाटलं.
त्यानं थोडा वेळ घेतला
आणि लाल अक्षरांत सांगितलं :
हा बिंदू जमिनीवर आहे. तपासून पाहा.

मी पाळीवरून ओरडून काकाला वाचून दाखवलं.
तो छातीभर पाण्यात,
जाळ्याची अडकलेली दोरी सोडवत होता.
"तपासून पाय मनते का?"
म्हणाला,
आणि श्वास भरून खाली गेला.