हिरव्या रेघा

सकाळी सहाला नीट असतो.
अकराच्या सुमाराला छताचे पत्रे करकरले
की डाव्या कोपऱ्यातून एक हिरवी रेघ उतरते.
मग दुसरी.
मग पडदाभर चौकटी, आणि ठोंबऱ्यांच्या नवरीच्या गालावर
कुणी फणी ओढल्यासारखं.

लॅपटॉप तेरा वर्षांचा. मी तीनदा ड्रायव्हर काढला, तीनदा घातला.
रेघांचा स्क्रीनशॉट घेऊन शालिकला पाठवला,
तर त्याच्या मोबाईलवर नवरी लख्ख.
‘यात तं काहीच नाही,’ म्हणाला.
पडद्याला स्वतःचा फोटो काढायला सांगितलं
तर रेघा येत नाहीत त्यात.

शालिक मोटारी भरतो, विहिरीवरच्या, बोअरच्या.
तांब्याच्या तारांत बसून असतो दिवसभर.
‘आधी दोष कुठं हाय ते पाहू,
पैशाचं मंग.’

झाकण वरखाली केलं. रेघा हलल्या नाहीत.
माझ्या घरचा टीव्ही आणून जोडला,
त्यावरही त्याच, तितक्याच.
‘म्हणजे पडदा बिचारा निर्दोष.’
बंद करून पुन्हा चालू केला:
विंडोज उठायच्या आधी, कंपनीच्या नावावरच ठिपके.
‘तुह्या ड्रायव्हरचं काही नाही यात.
पोटातलं हाय.’

अठरा स्क्रू. एक आधीच नव्हता.
पंख्याच्या जाळीतून त्यानं चिमट्यानं ओढली
एक अख्खी गादी,
समोरच्या जिनिंगचा कापूस, तेरा हंगामांचा,
दाबून दाबून नमदा झालेला.
चिपवरची पेस्ट वाळून खपली,
आणि चिप नि तांब्याच्या नळीमध्ये फट,
नखभर.

डब्यातून त्यानं जुना तांब्याचा पैसा काढला,
राजाचं डोकं असलेला,
आणि पॉलिशपेपरवर घासत बसला.
मी दोनदा चहा सांगितला.
राजाचं नाक गेलं, कान गेला,
शेवटी नुसतं गुळगुळीत तांबं उरलं
आणि ते फटीत बसलं.

त्या दिवशी दोनपर्यंत चालला.
दोनला एक रेघ. एकच, बारीक,
जरा लाजत आल्यासारखी.
‘चिपखालचे टाके उकलले,’ शालिक म्हणाला.
‘गरम हवा मारू शकतो. दोन महिने निघतील.
नाही तं जागीच जाईल.
तू सांग.’

मी नाही सांगितलं अजून.
आता पहाटे चारला शटर अर्धं उचलून बसतो,
लॅपटॉपखाली सागाच्या दोन पट्ट्या,
अल्बमची पानं जुळवतो, दहाला झाकण लावतो.
परवा नवरीच आली, उन्हातून, साडेबाराला.
एकदा पाहू द्या म्हणाली.
मी उघडला.

ती बराच वेळ पाहत राहिली.
‘हे हिरवं?’
‘फोटोत नाही ते,’ मी म्हटलं.
‘मग कुठं आहे?’
मी पंख्यापाशी हात धरला.
वारा चांगलाच गरम येत होता.