बसायला जागा नसलेली गाडी

सीट कुठंय, शालनने विचारलं व्हिडिओवर.
मी फोन फिरवला पुढून मागे,
मागून पुढे.
नाहीच, म्हटलं. ही उभ्यानेच चालवायची.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, तीनशे ऐंशी रियाल मोजून
बसायला जागा नसलेली गाडी घेतलीत.
पलीकडे तिची बहीण फस्सकन हसली.

रुस्ताकच्या वर्कशॉपांच्या रांगेत, तेरा नंबरच्या गाळ्यात,
उघडून ठेवलेल्या डिझेल पंपांतून उरेल तेवढ्या जागेत
ती असते: सत्तर किलो,
नुकत्या उठून उभ्या राहिलेल्या करडासारखी,
सगळे पायच.
आधी एका स्पॅनिश बोअरवेलवाल्याची होती.
कंत्राट संपलं, तो गेला, ही राहिली
आणि ऑइलचा एक डबा, अर्धा.

गुरुवारी रात्री तिला जुळवत बसतो.
क्लचची तार अशी, की एकाच बोटाला कळावं
प्लेटा कुठे धरतात, कुठे सोडतात.
जेट एक नंबर बारीक,
कारण मे महिन्यात इथली हवा इतकी विरळ
की तेवढंच पेट्रोल तिला जड होतं.
मागच्या चाकात फक्त चार पौंड.
शेजारचा पंक्चरवाला सजीश म्हणतो,
चेट्टा, याला आम्ही पंक्चरच म्हणतो.
दाबून बघ म्हटलं अंगठ्याने.
तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी.

शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर जुम्मा येतो पिकअप घेऊन.
जुम्मा अल-बलुशी, एकसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले.
कधीकाळी हे सगळं तोच चढायचा.
आता खडूने दगडांवर बाण काढतो,
घडीची खुर्ची उघडतो, थर्मासमधून कहवा ओततो
आणि मोजतो.
पाय टेकला, एक. पुन्हा टेकला, दोन.
तीनच्या पुढे कितीही टेकव, तीनच.
पडलास तर पाच.
गुण इथे कमवायचे नसतात.
ज्याची वही कोरी, तो जिंकला.
मी हिशेबात कच्चा नाही, तरी हे अंगवळणी पडायला
मला सहा महिने लागले.

वादी म्हणतात कोरड्या नदीला.
पहिल्या वर्षी घरी कळवलं होतं, वादीत गेलो होतो;
आईने सगळ्यांना सांगितलं, वाडीत गेला होता.
किती घरं आहेत, विचारायची.
दगड आहेत, आई. म्हशींएवढे, लोळणारे,
आणि वरून बघणाऱ्या शेळ्या,
ज्यांना हे काहीच अवघड वाटत नाही.

मोठ्या शिळेच्या आधी एक जागा येते.
तिथे काही करायचं नसतं.
दोन्ही चाकं थांबलेली, इंजिन टुकटुक,
हँडल पुरतं उजवीकडे, ब्रेकवर एक बोट,
गुडघे सैल.
पडत नाही. जातही नाही.
एकदा त्या जागेवर जुम्मा ओरडला, चौदा!
मला वाटलं वर्षं विचारतोय.
नाही, म्हटलं, अठरा.
तो सेकंद मोजत होता.

मग क्लच सोडला. पुढचं चाक शिळेला भिडलं,
अंग पुढे, आणि मागचं चाक
दगडाला चिकटत चिकटत, पालीसारखं, वर.
माथ्यावर आलो की मी दरवेळी जुम्माकडे बघतो.
तो दरवेळी कहव्याकडे बघतो.

गेल्या आठवड्यात वर डोंगरात कुठे तरी पाऊस पडून गेलेला.
शेवटच्या वळणावर ढोपरभर पाणी साचलेलं,
त्यात बोटभर मासे.
गाडी सरळ उभी होती, तोल होता,
मी डावा पाय खाली सोडला.

एक! खुर्चीतून आवाज आला.
मग जवळ आल्यावर, का टेकलास?
पाणी दिसलं, म्हटलं.
त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
एक तसाच ठेवला.

गाळ्यापर्यंत पिकअपमध्ये
माझा डावा बूट पचपचत होता.